पेटत्या कढईवर पीठ टाकू नका

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'कढईतलं तेल पेटलं तर मूठभर गव्हाचं पीठ टाका, आग लगेच विझते.' हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे. पीठ स्वतःच जळतं. ज्वाळेवर उधळलं की त्याची धूळ भपकन पेट घेते. विझवायला खाण्याचा सोडा चालतो. दोन्ही पांढरे, म्हणून गल्लत झाली असावी.

पाणी तर मुळीच नको. पेटतं तेल 300 अंशांच्या वर तापलेलं असतं. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं.

शेगडी बंद करा, हात पोचत नसेल तर राहू दे. कढईपेक्षा मोठं झाकण किंवा स्टीलची परात बाजूने सरकवत वर ठेवा. गार होईपर्यंत उचलू नका, कढई हलवू नका. आमच्या शहापूरच्या घरी आई करंज्या तळायला बसली की परात आधी हाताशी ठेवते. काकूंनाही हे दाखवून ठेवा, मुलांनाही.

आग आवरत नसेल तर बाहेर पडा, 112 लावा. गॅसगळतीसाठी 1906.