निकेल की स्टेनलेस? एक स्टारच्या रिव्ह्यूला हत्यारांच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला रिव्ह्यू वाचला. आपल्या तीन तक्रारी आहेत. घरातलं .32 चं कोल्ट पिस्तूल ‘स्टेनलेस’ असताना आम्ही त्याला निकेलचं (म्हणजे साध्या पोलादावर निकेलचा पातळ थर चढवलेलं) म्हटलं, आपण सांगूनही चुंबक लावून पाहिला नाही, आणि भांडी पॉलिश करणारा तासाभरात करून देईल ते बफचं (फिरत्या चाकावर घासून चमकवायचं) काम नाकारलं. ग्वाल्हेरात जुन्या घराण्यांच्या कपाटांतून अशी पांढरी चकचकीत हत्यारं आजही निघतात आणि प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो आहोत.

आधी काळाचा हिशेब बघू. आपलं पिस्तूल म्हणजे मॉडेल 1903 पॉकेट हॅमरलेस. कोल्टने ते 1903 ते 1945 या काळात बनवलं. क्रोमियमचं न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये 1913 साली तयार केलं हे खरं, पण त्याची हत्यारं बाजारात यायला पुढे अर्धं शतक गेलं. कारखान्यात नियमित बनलेलं पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 60, साल 1965. स्टेनलेसची ऑटोमॅटिक पिस्तुलं त्याच्याही नंतरची. स्टेनलेसवर स्टेनलेस सरकलं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात, ओरबाडतात आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, अडते. ही अडचण सुटायला वेळ लागला. त्यामुळे 1903 मॉडेल कारखान्यातून निघालं ते मुख्यतः काळं-निळं ब्लूइंग (पोलादावरचा गंजरोधक रासायनिक थर) केलेलं किंवा निकेल चढवलेलं. आपल्याकडे तर 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर साध्या परवानाधारकाला परदेशी हत्यार आणणं जवळजवळ बंदच झालं, म्हणून शहरात जे जुनं पांढरं विलायती हत्यार दिसतं ते बहुतेक वेळा निकेलचंच असतं.

आता चुंबक. स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून ‘चिकटला तर स्टेनलेस नाही’ असा समज आहे. डब्याचं स्टील 304 जातीचं, त्यात निकेल भरपूर मिसळलेलं असतं, म्हणून ते चुंबक धरत नाही. हत्याराला कडकपणा हवा, म्हणून तिथे 410, 416 किंवा 17-4 जातीचं स्टेनलेस वापरतात आणि या तिन्हींना चुंबक चांगला चिकटतो. निकेलच्या थराखालचं साधं पोलादही चुंबक धरतं. म्हणजे दोन्हींकडे उत्तर एकच येणार. ज्या तपासणीतून काहीच कळत नाही ती करून गिऱ्हाइकाचं समाधान केल्यासारखं दाखवणं आम्हाला पटत नाही.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचा थेंब टाकायची युक्तीही बरेच जण सुचवतात. उघड्या लोखंडावर तांबूस डाग उठतो, पण निकेलचा थर शाबूत असेल तर डाग उठत नाही, आणि स्टेनलेसवरही नाही. जिथे निकेल फुटलेलं आहे तिथे मात्र थेंब आत शिरतो आणि खालचं पोलाद खातो. संग्रहातल्या हत्यारावर हे करू नये.

खरी तपासणी डोळ्यांची. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली रंग फसवतात. सकाळच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर हत्यार ठेवा. निकेलच्या चकाकीत हलकी पिवळसर ऊब असते, स्टेनलेस राखी-थंड दिसतं, आणि निळसर झाक आली तर क्रोमचा संशय घ्यावा. पण नुसत्या रंगावर निकाल देऊ नये, कारण जुनं तेल निकेलला आणखी पिवळं करतं.

मग दहापट भिंग घ्यावं आणि कडा बघाव्यात: नळीचं तोंड, स्लाइडच्या मागच्या खाचा, ट्रिगर गार्डचा पुढचा भाग, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आत जातं ते तोंड. विजेने निकेलचा थर चढवताना वीज कडांवर जास्त आणि खोलगट जागी कमी पोहोचते, म्हणून आतल्या भिंतींवर थर पातळ, मळकट किंवा मुळीच नसतो. दोन्ही बाजूंचा एकेक स्क्रू काढून मूठ उतरवली की हे लगेच दिसतं. स्टेनलेस असतं तर आत पॉलिश नसली तरी धातू तोच, त्याच रंगाचा दिसला असता. आपल्या पिस्तुलाच्या मॅगझिनच्या तोंडाशी निकेलचा तुकडा उडालेला आहे. तिथे भिंगाखाली थराची स्पष्ट पायरी दिसते आणि पायरीखाली तपकिरी गंज. स्टेनलेसवर ओरखडा कितीही खोल गेला तरी तळाशी रंग बदलत नाही.

स्लाइडच्या डाव्या बाजूच्या पेटंटच्या ओळीत 1897 मधल्या 8 ची दोन्ही पोकळं जवळजवळ बुजलेली आहेत आणि अक्षरांच्या कडा गोल झाल्या आहेत. याचा अर्थ कधीतरी बफ मारून वर दुसरं निकेल चढवलं गेलं. आम्ही सांगितलेली किंमत यामुळे कमी आहे, निकेल आहे म्हणून नव्हे. कारखान्याचं मूळ निकेल शाबूत असेल तर संग्राहक त्याला चांगला भाव देतात. मूळ रंग कोणता होता हे सिरियल नंबरवरून कोल्टच्या दप्तरातून मागवता येतं. तो नंबर इथे लिहीत नाही, आपणही रिव्ह्यूतल्या फोटोत झाकावा ही विनंती.

बफला नकार दिला त्याचं कारण जाडी. निकेलचा थर साधारण 10 ते 25 मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ. फिरतं चाक आधी कडा आणि अक्षरं खातं; तिथे पोलाद उघडं पडलं की एका पावसाळ्यात गंज थराखालून पसरतो आणि पापुद्रे सुटतात. भांडीवाल्याकडे देण्याचा विचार तर सोडूनच द्या. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे हत्याराच्या दुरुस्तीचं काम परवान्याशिवाय करता येत नाही. त्यातून कुणी जुनं निकेल काढायला हत्यार तेजाबात बुडवलं तर स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) यांसारख्या कडक भागांत हायड्रोजन शिरतो, आणि वेळेत भट्टीत तापवले नाहीत तर ते पुढे अचानक तडकतात.

एवढं वाचूनही शंका राहिली तर एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणाऱ्या) तपासता येईल, सराफ सोन्याची शुद्धता बघतात तेच तंत्र. निकेल चढवलेलं असेल तर आकड्यांत निकेल, मागे लोखंड आणि क्रोमियम जवळजवळ शून्य. स्टेनलेस असेल तर क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वरच येतं. मशीनवाल्याला आम्ही दुकानात बोलावू, हत्यार बाहेर जाणार नाही आणि खर्च आमचा.

तोपर्यंत पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि निकेलच्या बारीक छिद्रांतून गंज सुरू होतो. मऊ सुती कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्या. पितळ घासायची पॉलिश आणि अमोनिया असलेलं नळी साफ करायचं औषध टाळा, कारण काही निकेलखाली तांब्याचा थर असतो आणि अमोनिया तो विरघळवतो. येताना मूळ परवाना आणा, मॅगझिन वेगळं ठेवा, चेंबर (नळीतली गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची घरीच खात्री करा. सकाळी अकराच्या आसपास आलात तर दारासमोरच्या उजेडात भिंग आपल्याच हातात देऊन सगळं दाखवू.