सौर वादळाचे इशारे विकायला काढलेले नाहीत

सूर्यावरच्या उद्रेकांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजते आणि जीपीएससारख्या यंत्रणा बिघडू शकतात, यालाच सौर वादळ म्हणतात. ‘अमेरिकेने सौर वादळांचा अंदाज खासगी कंपन्यांच्या घशात घातला, आता इशाऱ्यासाठीही पैसे मोजा’ असा संदेश फिरतोय, आणि दाखला दिला जातोय २०२० च्या ‘प्रॉस्विफ्ट’ कायद्याचा. हे साफ चूक आहे. या कायद्याने ‘नोआ’ या अमेरिकेच्या हवामान आणि महासागरविषयक सरकारी संस्थेला कंपन्यांकडून निरीक्षणं विकत घेण्याची मुभा दिली आणि सल्लागार गटात उद्योगाला जागा दिली. अंदाजाचं काम सरकारकडेच आहे.

मे २०२४ चं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या ‘नोआ’च्याच अंदाज केंद्राने तीव्र वादळाची आगाऊ सूचना दिली, तशी सूचना २००५ नंतर पहिल्यांदाच निघाली होती. ती सगळ्यांना फुकट मिळाली. त्या वादळामुळे ऐन पेरणीत अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, काहींना काम थांबवावं लागलं. ‘माझ्या यंत्रावर नेमका काय परिणाम होईल?’ अशा प्रश्नाचं खास उत्तर कंपन्या पैसे घेऊन देतात, तेही बरंचसं सरकारी माहितीच्याच आधारावर. त्यात गैर काहीच नाही.

शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नोआ’ने सूर्यावर नजर ठेवायला स्वतःचा नवा उपग्रह पाठवला. अंदाज विकून टाकणारं सरकार एवढा खर्च कशाला करेल? कृपया तो संदेश पुढे पाठवू नका.