बहात्तरावा हाइनरिश म्हणजे बहात्तरावा राजा नव्हे

जर्मनीतल्या रॉइस घराण्याबद्दल सध्या एक मजकूर फिरतोय: ‘या गादीवर हाइनरिश नावाचे ७२ राजे बसले.’ हे साफ चुकीचं आहे.

या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलग्याचं नाव हाइनरिश. त्यामुळे ओळख पटायला आकडा लावतात, आणि तो जन्माच्या क्रमाने, राज्य मिळो वा न मिळो. घराण्याच्या दोन पात्या, म्हणजे शाखा: थोरली पाती शंभरपर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करायची, तर धाकटी पाती साधारण शतक बदललं की. म्हणूनच धाकट्या पातीत श्लाइत्स संस्थानाच्या गादीवर ६२वा होता, १८५४ साली त्याच्यामागून त्याचा भाऊ ६७वा आला, १८६७ मध्ये ६७व्याचा मुलगा १४वा आणि १९१३ मध्ये त्याचा मुलगा २७वा. आकडे उलटे गेले, ६७व्यापासून वारसा मात्र सरळ बापाकडून लेकाकडेच गेला. वंशावळ वाचताना इथेच बहुतेकांची गल्लत होते.

ज्या ७२व्यावरून हा गोंधळ झाला, तो याच घराण्याच्या लोबेनश्टाइन-एबर्सडोर्फ संस्थानाचा. १८४८च्या क्रांतीत त्याने गादी सोडली आणि त्याचा मुलूख श्लाइत्सकडे गेला.

थोरल्या पातीची गोष्ट चटका लावणारी आहे. ग्राइत्सच्या २२व्या हाइनरिशला पाच मुली आणि एकच मुलगा, २४वा. लहानपणीच्या अपघाताने त्याला कायमचं अपंगत्व आलं. १९०२ मध्ये वडील गेल्यावर गादी त्याच्याच नावावर राहिली, पण १९१८पर्यंत कारभार धाकट्या पातीने पाहिला. १९२७ मध्ये तो वारला आणि थोरली पाती संपली. त्याची बहीण हर्मिने हिने १९२२ मध्ये पदच्युत कैसर दुसऱ्या विल्हेल्मशी लग्न केलं होतं.