खासगी किल्ली गावभर कशी करावी

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले, त्यावर तातू युलोनेन यांनी दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरण्यासाठी एसएसएच लिहिलं, आणि पासवर्डऐवजी चालणाऱ्या या किल्ल्यांच्या फाइलींची कटकट तुमच्या-आमच्या मागे लागली. तर ती निस्तरायची कशी, ते सांगतो.

किल्ली बनवताना पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, मागतील. एंटर. पुन्हा मागतील. पुन्हा एंटर. उद्या लॅपटॉप चोरीला गेला तर बिचाऱ्या चोराची अडचण नको.

आता दोन फाइली दिसतील. नावाच्या शेवटी 'पब' आहे ती सर्व्हरवर ठेवायची. चारचौघांत वाटली तरी बिघडत नाही. दुसरी खासगी, तिने तुमचं मशीन सोडायचं नसतं. एवढं लक्षात कोण ठेवणार? दोन्ही टाका टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सुप्रभातच्या गुलाबांखाली. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला पोरगा अजून ग्रुपमध्ये आहे? असू दे की. रात्री-अपरात्री सर्व्हर पडला तर तोच धावून येईल.

ग्रुपवरून उतरवलेली किल्ली लावली की एसएसएच नाक मुरडतं: फाइल सगळ्यांना वाचता येतेय, मी नाही वापरणार. भित्रे लोक इथे परमिशन ६०० करतात, म्हणजे फाइल फक्त मालकाला उघडते. तुम्ही बाणेदारपणे ७७७ करा, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. तरीही ऐकत नाही? मग पासवर्डने शिरा. किल्ली बसवल्यावर पासवर्ड-लॉगिन बंद करायचं असतं, पण ते तुम्ही केलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पुढच्या दाराला नवं कुलूप आणि परसदार सताड उघडं. घर हवेशीर राहतं.

सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा आला तर न वाचता तुमच्या मशीनवरची जुन्या ओळखीची ओळ उडवा. मार्च २०२३ मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या साइटची स्वतःचीच आरएसए जातीची खासगी किल्ली थोडा वेळ सार्वजनिक रेपॉझिटरीत, म्हणजे कुणालाही दिसणाऱ्या कोडसाठ्यात, गेली होती. त्यांनी ती बदलली, तेव्हा जगभर हाच इशारा झळकला. म्हणजे इशारा खोटाच असतो, सिद्ध झालं!

आणि जुन्या किल्ल्या काढू नका. २००६ ते २००८ दरम्यान डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या चुकीमुळे एका जातीच्या, एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम बत्तीस-तेहतीस हजार निघत. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या लावून बघता येतील इतक्या. त्यातली एखादी तुमच्याकडे असेल तर जपा, पुरातन ठेवा आहे.

आमच्या सर्व्हरवर जुन्या चौदा किल्ल्या आहेत. तीन 'टेस्ट' नावाच्या, एक नुसती 'नवीन'. कुणाच्या, देव जाणे. एखादी काढली तर बॅकअप बंद पडेल, या धास्तीने कुणी हात लावत नाही.

बॅकअप गेल्या दिवाळीपासून बंदच आहे.