दाजींच्या फॉरवर्डला एका मास्तराचं उत्तर

परवा आमच्या दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, तोच दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळी खानापूर रोडला चहा पिताना शेजारच्यानं मोबाईल काढून तोच वाचून दाखवला, म्हणजे बेळगावात चांगलाच फिरायलाय. थोडक्यात मजकूर असा: मार्क्सच्या लेखी हातानं राबणारा तेवढाच खरा, शिकलेला माणूस म्हणजे बांडगूळ, कम्युनिझम ही अडाण्यांची भरती, सत्ता आली की पहिली गोळी चष्मेवाल्याला, आणि डॉक्टरला नि झाडूवाल्याला एकच पगार, मग शिकायचं कशाला? खाली हात जोडलेले इमोजी नि 'सुशिक्षितांनो जागे व्हा'. दाजी, तुम्ही वयानं मोठे, रागवू नका, पण मी मास्तर आहे आणि जागाच आहे, म्हणून लिहितोय.

पहिलं, बांडगूळ. मार्क्स स्वतः १८४१ चा पीएचडी, ग्रीक तत्त्वज्ञानावर. ते सोडा, डिग्रीवाला पण डिग्रीवाल्यांना शिव्या घालू शकतोच की. पण त्याच्या 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, १८६७ मध्ये, त्यानं मास्तरचंच उदाहरण घेतलंय: पोरांच्या डोक्यावर मेहनत घेता घेता मास्तर जेव्हा शाळेच्या मालकाला श्रीमंत करायला घोड्यासारखा राबतो, तेव्हा भांडवलाच्या हिशोबात तो उत्पादक कामगारच, आणि मालकानं पैसा सॉसेजच्या कारखान्याऐवजी शिकवण्याच्या कारखान्यात घातला म्हणून त्यात काडीचा फरक पडत नाही. हे वाचलं तेव्हा मला वाटलं हा माणूस आमच्या स्टाफरूममध्ये बसून गेलाय. अकरा महिन्यांची ऑर्डर, बारावा महिना देवाच्या भरवशावर, उन्हाळ्यात पॅम्प्लेटं घेऊन चंदगड-गडहिंग्लजपर्यंत ॲडमिशन शोधत फिरायचं, आणि वर आई पाहुण्यांना सांगणार आमचा मुलगा प्रोफेसर! मार्क्स-एंगल्सच्या १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातही तेच आहे, डॉक्टर, वकील, पुरोहित, कवी, शास्त्रज्ञ या सगळ्यांच्या डोक्यामागचं वलय भांडवलदारानं काढून घेतलं आणि त्यांना पगारी नोकर केलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला मोल्डर आणि मी एका रांगेत, हे आमच्या लोकांना झोंबतं. झोंबू दे, पण त्याला बांडगूळ म्हणणं म्हणत नाहीत.

दुसरं, अडाण्यांची भरती. इथं तर उलटी तक्रार करायला हवी होती. लेनिन वकील होता आणि १९०२ मध्ये त्यानं सरळ लिहिलं की कामगार स्वतःच्या बळावर युनियनपर्यंत पोचतो, समाजवादाचा विचार त्याच्यापर्यंत बाहेरून येतो, शिकलेल्या लोकांकडून. मला विचाराल तर हा जरा फुगलेला फेटा आहे. रशियन अराजकवादी बाकुनिननं १८७३ मध्येच मार्क्सवाल्यांना सुनावलं होतं की तुमचं राज्य म्हणजे विद्वानांचं राज्य होणार आणि ते सगळ्यात जुलमी असणार. आणि १९५७ मध्ये युगोस्लाव्हियाच्या जिलासनं, जो स्वतः तिथल्या कम्युनिस्ट पक्षात वरच्या खुर्चीवर बसून आला होता, लिहिलं की पक्षाचे साहेब हाच आता नवा वर्ग झालाय. फॉरवर्डवाल्यानं हे घेतलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण अडाणी?

इटलीचा कम्युनिस्ट नेता ग्रामशी, त्यानं मुसोलिनीच्या तुरुंगात बसून लिहिलं की प्रत्येक माणूस बुद्धिवंत असतो, फक्त समाजात ते काम प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, आणि प्रत्येक वर्ग आपल्यातनंच आपले बुद्धिवंत घडवतो. हे समजायला इटलीला जायला नको, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे बघा, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, मुंबईत गिरणीत राबलेले, कम्युनिस्ट पक्षाचं काम केलेले, आणि त्यांची पुस्तकं आता आम्ही डिग्रीवाले सेमिनारात चघळतो. आणि आपल्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची युनियन उभी राहिली तेव्हा त्यांच्यासोबत प्रा. सुभाष जोशी होते, कम्युनिस्ट पक्षाचे नव्हेत, पण शिकलेला माणूस आणि राबणारी बाई एका दाराशी कशी उभी राहते ते आपल्याच जिल्ह्यात दिसलं की. घामाची नि धुळीची माहिती त्या बायकांची, कागदाची जोशींची.

आता चष्मेवाले. इथं मी फॉरवर्डला खोटं म्हणणार नाही. कंबोडियात १९७५ ते ७९ मध्ये पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीनं मास्तर, डॉक्टर, भाषा येणारे लोक वेचून मारले. चीनमध्ये १९६६ नंतर कॉलेजची प्रवेश परीक्षा बंद, ती १९७७ ला परत सुरू, आणि शिकलेल्यांना नाव 'नासका नववा', म्हणजे जमीनदार-हेरांपासून मोजत आलेल्या शत्रूंच्या यादीत नववा नंबर. रशियात वाव्हिलोव्हसारखा बियाण्यांचा शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मेला. लेनिननं १९१९ च्या पत्रात लेखक गॉर्कीला लिहिलं की भांडवलाचे हे विद्वान देशाचा मेंदू नाहीत, विष्ठा आहेत. त्याच पत्रात असंही आहे की लोकांपर्यंत विज्ञान नेणाऱ्यांना आम्ही सरासरीपेक्षा जास्त पगार देतो. दोन्ही खरं, आणि पहिल्याचं समर्थन मी करणार नाही.

पण 'मार्क्सवाद म्हणजे हेच' हा निष्कर्ष कुठनं आला? पोल पॉट पॅरिसला स्कॉलरशिपवर शिकायला गेलेला, त्याचा जोडीदार खिऊ सम्फान तर तिथला अर्थशास्त्राचा डॉक्टर. शिकलेल्यांनीच शिकलेल्यांना मारलं. आणि १९७९ मध्ये त्यांना हाकललं ते व्हिएतनामच्या सैन्यानं, तेही कम्युनिस्टच. चीनमध्ये माओनंतरचा नेता डेंग, त्यानं १९७८ मध्ये जाहीर सांगितलं की डोक्यानं काम करणारे हे कामगार वर्गाचाच भाग. क्युबानं १९६१ मध्ये लाखभर शाळकरी पोरं खेड्यात पाठवून म्हाताऱ्यांना अक्षरं गिरवायला लावली. एकाच झाडाला इतकी वेगवेगळी फळं, मग दोष नेमका कुठल्या फांदीचा ते तरी सांगा.

पगाराचं दोन ओळीत. सारखा पगार मार्क्सनं सांगितलेला नाही, १८७५ मध्ये त्यानं लिहिलं की सुरुवातीला जेवढं काम तेवढं, पुढं कधीतरी गरजेप्रमाणं. स्टालिननं १९३१ मध्ये सरसकट सारख्या पगाराला जाहीर झोडपलं. हां, पुढं सोव्हिएत रशियात डॉक्टरला कुशल कामगारापेक्षा कमी मिळायचं हे खरं, तरी पोरं मेडिकलला जायचीच. मीसुद्धा वडगावातल्या यंत्रमाग चालवणाऱ्या मावसभावापेक्षा कमीच कमावतो, दाजी, आणि इथं कुठलं कम्युनिस्टांचं राज्य आलंय?