थंडीत परसबाग झोपवावी काय? ग्वाल्हेरपुरता एक प्रतिवाद

दिवाळीच्या आगेमागे ग्वाल्हेरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘हिवाळ्याआधी परसबाग अशी झोपवा’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरू लागतो. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या परसात, मुरार-थाटीपूरकडच्या घरांपुढच्या चार हात जमिनीत किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत भाजी लावणारे लोक तो मोठ्या भक्तिभावाने पुढे पाठवतात. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: थंडी आली की भाज्यांचा हंगाम संपतो, म्हणून सगळी झाडे उपटून वाफे रिकामे करावेत, मुळे गोठू नयेत म्हणून मातीवर अर्धा फूट पाचोळ्याची गादी पसरावी, पाणी बंद करावे, जी झाडे जगवायची असतील ती प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून फेब्रुवारीअखेरपर्यंत तशीच ठेवावीत, मातीला ऊब यावी म्हणून ताजे शेण आणि ताकद यावी म्हणून चुलीची राख व अंड्यांची टरफले घालावीत, आणि नवी पेरणी थेट मार्चमध्ये करावी.

एकेक मुद्दा तपासण्याआधी या संदेशासोबत येणाऱ्या चित्राकडे नीट पाहावे. त्यात वाफ्यांवर बर्फ साचलेला आहे. जिथे जमीन कित्येक आठवडे गोठून राहते आणि कुदळ आत शिरत नाही, तिथल्या बागेसाठी हा सल्ला मुळात लिहिलेला असावा, आणि तिथे तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. ग्वाल्हेरची थंडी मध्य प्रदेशात कडक समजली जाते हे खरे. जानेवारीत इथले सरासरी किमान तापमान ६-७ अंशांच्या आसपास असते आणि काही रात्री पारा २-३ अंशांपर्यंत उतरतो. परंतु त्याच जानेवारीत चांगले ऊन पडले तर दुपारी तापमान २० अंशांच्या वर जाते, आणि जमीन काही गोठत नाही. आपल्याकडे धोका असतो तो काही मोजक्या रात्रींचा, आणि तोही मुळांपेक्षा पानाफुलांना. हा फरक लक्षात घेतला की संदेशातला जवळजवळ प्रत्येक उपाय का चुकतो ते कळते.

हंगाम संपतो हा पहिला मुद्दा सर्वांत नुकसानकारक आहे, कारण उत्तर मध्य प्रदेशात भाज्यांचा खरा हंगाम याच वेळी सुरू होतो. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, नवलकोल, कोबी, फ्लॉवर, मटार, कांदा आणि लसूण ही सगळी थंड हवेची पिके आहेत. सप्टेंबरच्या उकाड्यात धड न उगवणारे धणे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, हलके रगडून दोन फाकी करून पेरले, तर बिनतक्रार उगवतात. ‘आर्केल’सारखा लवकर येणारा मटार ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरतात. हलव्याची लांब लाल देशी गाजरे त्याहीआधी पेरता येतात, कारण त्यांना थोडी उष्णता सोसते. नारिंगी ‘नँटिस’ जातीसाठी मात्र हवा थंड होण्याची वाट पाहावी लागते. लसणाची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. गड्ड्यात पाकळ्या सुट्या होण्यासाठी रोपाला काही आठवड्यांची थंडी मिळावी लागते, त्यामुळे वाफे रिकामे ठेवून तो मार्चमध्ये लावणाऱ्याच्या हाती बहुधा पाकळ्या न पडलेली एकच गाठ येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात धुके पडू लागते, ऊन कमी होते आणि सर्वच रोपांची वाढ मंदावते. तोवर रोपांनी अंग धरलेले असावे, म्हणून घाई करायची असेल तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरण्याची करावी, उपटण्याची नव्हे.

संदेशाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की भेंडी, काकडी, दोडका आणि दुधी यांचे थकलेले वेल व झाडे या सुमारास काढून टाकणे बरोबर आहे, आणि रोगट टोमॅटो तर कंपोस्टमध्येही टाकू नयेत. वांग्याच्या झाडावर मात्र कुदळ चालवू नये. कडक थंडीत त्याला फळे धरत नाहीत, पण हलकी छाटणी करून ते जपले तर हवा उबदार होताच पुन्हा फुटते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वांगी देते.

या पहिल्या मुद्द्याच्या समर्थनार्थ फ्लॉवरचा दाखला हटकून दिला जातो. ‘थंडीत फ्लॉवर लावून पाहिला, लिंबाएवढाच गड्डा आला’, असे सांगणारे अनेक जण भेटतात आणि त्यांचा अनुभव खराही असतो. अशा रोपाला आठ-दहा अरुंद पाने असतात, पाने गड्डा झाकू शकत नाहीत, आणि गड्डा मोठा होण्याऐवजी विरळ होऊन पिवळट पडतो. पण याचे कारण थंडी नसून चुकीच्या वेळी लावलेली जात हे आहे. फ्लॉवरच्या जाती लवकर, मध्यम आणि उशिराच्या अशा गटांत विभागलेल्या आहेत. ‘पुसा कतकी’ किंवा ‘पुसा दीपाली’ या लवकरच्या जातींना गड्डा धरायला तुलनेने उबदार हवा लागते. त्यांची रोपे नोव्हेंबरात लावली तर पुरेशी पाने येण्याआधीच थंडी गाठते आणि रोप घाईघाईने चिमुकला गड्डा धरते. ‘पुसा स्नोबॉल’सारख्या उशिराच्या जातीला १०-१६ अंशांची थंडीच हवी असते, आणि ती फार लवकर लावली तर नुसती पानेच पाने वाढतात. नर्सरीत सगळी रोपे सारखीच दिसतात आणि ‘गोभी की पौध’ एवढेच सांगून विकली जातात, म्हणून जात विचारल्याशिवाय जुडी घेऊ नये. विक्रेत्याला जात सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जावे. या बाबतीत भिडस्तपणा परवडत नाही.

आता पाचोळ्याची गादी. एरवी आच्छादन ही उत्तम गोष्ट आहे आणि एप्रिल-मेमध्ये ग्वाल्हेरात त्याशिवाय वाफा टिकवणे कठीण असते. पण हिवाळ्यात ‘मुळे गोठू नयेत’ हे कारण इथे लागूच होत नाही, आणि कडाक्याच्या रात्री जाड आच्छादनाचा उलट परिणाम होऊ शकतो. दिवसभराच्या उन्हाने तापलेली माती रात्री उष्णता बाहेर टाकते आणि जमिनीलगतच्या पानांना तिचाच आधार असतो. मधे वाळक्या पानांचा अर्धा फूट थर आला की ती उष्णता खालीच अडकते, मुळे निवांत राहतात आणि वरचे रोप उघड्यावर गारठते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या रोपांभोवतीचे आच्छादन पातळ ठेवावे किंवा बाजूला सारावे. ऐन थंडीत मातीची खोल खुरपणीही टाळावी, कारण भुसभुशीत कोरड्या मातीत हवा भरलेली असते आणि अशी माती उष्णता धरून ठेवत नाही.

पाणी बंद करण्याच्या सल्ल्याचे उत्तरही यातच आले. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची उष्णता अधिक साठवते, म्हणूनच कडक थंडीची शक्यता असेल तेव्हा रब्बीच्या पिकांना हलके पाणी द्यावे, असे कृषी खाते शेतकऱ्यांना सांगत असते. घरच्या वाफ्यालाही हाच नियम लावावा. एरवी पाणी कमी लागते हे खरे आहे, विशेषतः धुक्याच्या दिवसांत, जेव्हा जास्त पाण्याने कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. दोन बोटे माती उकरून पाहावी, कोरडी लागली तरच सकाळी पाणी द्यावे, आणि ते मातीला द्यावे, पानांना नव्हे.

प्लास्टिकच्या मुद्द्यावर अधिक थांबणे भाग आहे, कारण संदेशातल्या उपायांपैकी लोक सर्वांत जास्त हाच करतात. ज्या रात्री दव गोठते, ज्याला इथे आपण हिंदीप्रमाणे ‘पाला पडला’ म्हणतो, ती रात्र ओळखता येते. पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या ढगाळ-पावसाळी हवेमुळे, एक-दोन दिवस ढग येतात, कधी पाऊस पडतो, आणि तो काळ तुलनेने उबदार असतो. नंतर आकाश निरभ्र होते आणि बोचरे वारे सुटतात. मग ज्या संध्याकाळी वारा पडतो आणि तारे लख्ख दिसतात, त्या रात्री सांभाळावे. दाट धुक्याची रात्र अंगाला जास्त झोंबते, पण झाडांना ती कमी घातक असते, कारण धुके जमिनीची उष्णता निसटू देत नाही. हवामान खात्याने ३-४ अंशांचा अंदाज दिला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ते तापमान जमिनीपासून काही फूट उंचीवर, आडोशाच्या पेटीत मोजलेले असते. आकाशाखाली उघड्या असलेल्या पानाचे तापमान त्याहून काही अंश खाली जाऊन शून्यापर्यंत पोहोचू शकते. अंगणाच्या मधोमध असलेल्या वृंदावनातली तुळस काळी पडते आणि पडवीच्या पागोळीखाली ठेवलेली कुंडीतली तुळस हिरवी राहते, ते याचमुळे. गच्चीवरच्या कुंड्यांना तर चारही बाजूंनी गारठा लागतो, म्हणून त्या भिंतीलगत एकत्र सरकवून ठेवाव्यात.

पातळ प्लास्टिक वारा अडवते, पण झाडाची आणि मातीची रात्री बाहेर पडणारी उष्णता त्यातून बरीचशी निघून जाते, आणि जिथे ते पानाला चिकटते तिथेच पान आधी करपते. दिवसा तेच घट्ट बांधलेले प्लास्टिक आत वाफ कोंडते, आणि थंड व दमट हवेत टोमॅटोवर करपा पसरायला दुसरे काही लागत नाही. याऐवजी गोणपाट, जुने धोतर किंवा चादर चार काठ्या रोवून त्यांवर अशी टाकावी की ती पानांना टेकणार नाही आणि कडा जमिनीपर्यंत पोहोचतील, म्हणजे मातीची ऊब आतच राहील. संध्याकाळी, माती थंड होण्याआधी ती टाकावी आणि सकाळी ऊन आल्यावर काढावी. हे करायचे ते टोमॅटो, मिरची, वांगी, तुळस, कोवळी पपई आणि फुलावर किंवा कोवळ्या शेंगांवर आलेला मटार यांच्यासाठी. पालक, कोबी, मुळा आणि लसूण आपले आपण निभावून नेतात. एखादी रात्र चुकलीच तर सकाळी टोमॅटोची पाने उकडलेल्या भाजीसारखी लिबलिबीत आणि गडद दिसतात, आणि ऊन चढले की काळी पडतात. त्या फांद्या लगेच छाटू नयेत. खालच्या डोळ्यांना त्यांचाच आडोसा असतो, म्हणून थंडी ओसरेपर्यंत थांबून मगच कात्री लावावी. झाकलेल्या टोमॅटोला या काळात नवी फळे धरत नाहीत म्हणून हताश होण्याचेही कारण नाही, कारण रात्रीचे तापमान साधारण १३ अंशांखाली राहिले की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले गळतात.

खतांचा मुद्दा तीन तुकड्यांत आहे. ताजे शेण कुजताना तापते ही गोष्ट खरी आहे आणि त्यावर आधारलेले उबदार वाफे युरोपात पूर्वी करत असत, पण त्यासाठी मातीखाली घोड्याच्या ताज्या लिदीचा दीड-दोन फूट जाडीचा थर रचावा लागे. वाफ्यावर पसरलेल्या दोन बोटे शेणाने माती तापत नाही. त्याने हुमणी आणि वाळवी येते, तणाचे बी येते आणि गाजर-मुळ्याला फाटे फुटतात. शेणखत पूर्ण कुजलेले, काळे, बिनवासाचे असावे आणि पेरणीआधी मातीत मिसळावे. राख अल्कधर्मी असते. ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या मातीचा सामू (पीएच) बहुधा आधीच ७ च्या वर, म्हणजे अल्कधर्मी बाजूला असतो, त्यामुळे ओंजळींनी राख घातली की लोह आणि जस्त झाडाला मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. अशाच मातीत अंड्यांची टरफले जवळजवळ विरघळत नाहीत, आणि टोमॅटोच्या बुडाला पडणारा काळा डाग, ज्याच्यावर ती रामबाण म्हणून सांगितली जातात, तो बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळे पडतो. मातीत खरोखर काय कमी आहे हे माती परीक्षणावरून कळते, आणि कृषी विद्यापीठ २००८ पासून आपल्याच शहरात आहे.

शेवटचा मुद्दा मार्चमधल्या पेरणीचा. ग्वाल्हेरात एप्रिलमध्ये पारा ४० अंशांवर जातो. मार्चमध्ये पेरलेला मुळा आतून पोकळ आणि तिखट होतो, मेथी आणि कोथिंबीर हातभर होण्याआधीच फुलावर जातात, आणि मटाराला तर शेंगा धरायला सवडच मिळत नाही. उन्हाळ्यासाठी लावायची असतात ती काकडी, दोडका, दुधी, भोपळा आणि भेंडी, आणि त्यांच्यासाठीही फेब्रुवारीचा मध्य उजाडला की कामाला लागावे. वेल लवकर हवे असतील तर जानेवारीअखेर छोट्या पिशव्यांत बी टोकून त्या रात्री घरात घ्याव्यात आणि थंडी सरल्यावर रोपे वाफ्यात लावावीत. या वेलांसाठी मटाराचा वाफा मोकळा करताना मटार मुळासकट उपटू नये. तो जमिनीलगत कापावा, म्हणजे हवेतला नत्र धरून ठेवलेल्या मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात.