गरम गाडी सुरू होत नाही? पंप बदलण्याआधी थांबा

‘जुनी गाडी गरम असताना सुरू होत नसेल तर पेट्रोल पंप (टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोहोचवणारा) गेला’ हा सल्ला अर्धवट आहे. त्यापायी चांगले पंप फेकले जातात.

आधी स्टार्टरचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा, वेग पाहा. तो जड फिरत असेल, तर स्टार्टर फिरवताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टीमीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसल्यास दोष अर्थिंगचा, म्हणजे बॅटरी आणि इंजिन जोडणाऱ्या निगेटिव्ह वायरचा किंवा तिच्या जोडणीचा. वेग नेहमीसारखा असेल, तर स्पार्क प्लगची ठिणगी तपासा. गरम असतानाच ती गायब होत असेल, तर ठिणगी घडवणाऱ्या भागांवर, म्हणजे कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

ठिणगी आहे आणि गाडी कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या गाड्यांतला भाग) आहे? अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंपिंग करू नका. काळा धूर सोडत सुरू झाली, तर पेट्रोल जास्त झालं होतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल मर्यादेत ठेवणारे भाग, म्हणजे फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह बघा.